‘एनेबल कंटेंट’ दाबल्यावर काय होतं? मॅक्रो व्हायरसची गोष्ट

आयकर विवरणपत्राची एक्सेल युटिलिटी ज्यांनी कधी वापरली असेल, त्यांना हा सोपस्कार तोंडपाठ असतो. झिप फाईल डाउनलोड करायची, आतली एक्सेल बाहेर काढायची. ती उघडली की वर पट्टी दिसते: मॅक्रो बंद ठेवले आहेत. शेजारी ‘एनेबल कंटेंट’चं बटण. (२०२२ नंतरच्या ऑफिसमध्ये बहुधा आधी फाईल ‘अनब्लॉक’ करावी लागते, ते पुढे येईलच.) ते दाबल्याशिवाय पुढचं काही धड चालत नाही, आणि सूचनांतही मॅक्रो चालू करा असंच लिहिलेलं असतं. माणूस न वाचताच दाबून मोकळा होतो. जुलै महिन्यात सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करणारी मुलं हे बटण दिवसातून किती वेळा दाबत असतील, देव जाणे.

यात त्यांचं काही चुकत नाही. फाईल खात्याच्या संकेतस्थळावरची, काम खरं. पंचाईत अशी की मॅक्रो व्हायरसला आपल्याकडून नेमकी हीच परवानगी हवी असते. त्याला विंडोजमधली छुपी चूक शोधावी लागत नाही की कुणाचा पासवर्ड फोडावा लागत नाही. सगळी मदार एका क्लिकवर, आणि त्या क्लिकची सवय आपल्याला सरळमार्गी फाइलींनीच लावून ठेवली आहे.

समजा, दर महिन्याला दोनशे कर्मचाऱ्यांचं पगारपत्रक करायचं आहे. मथळा ठळक करा, रकाने रुंद करा, बेरजा घाला, प्रत्येकाची पगारपावती वेगळी काढा. एक्सेलला सांगता येतं की मी आता जे जे करतोय ते नोंदवून ठेव आणि पुढच्या वेळी एका बटणावर सगळं तसंच कर. ही नोंद म्हणजे मॅक्रो. आत डोकावलं तर तो छोटा प्रोग्रॅमच असतो, ‘व्हीबीए’ नावाच्या भाषेतला, आणि त्याच फाइलीच्या पोटात ठेवलेला. हाताने लिहून तो हवा तेवढा मोठाही करता येतो. बिलावर ‘रुपये एक लाख चाळीस हजार फक्त’ असं अक्षरी छापायला आपल्याकडे कित्येक ऑफिसांत मॅक्रोच वापरतात, कारण एक्सेलमध्ये रुपयासाठी तशी अंगभूत सोय नाही. थायलंडच्या बाथसाठी मात्र आहे!

आता या भाषेचे हक्क बघा. व्हीबीएतला मॅक्रो डिस्कवरच्या फाइली वाचू शकतो, बदलू शकतो, पुसू शकतो. आउटलुक उघडून तुमच्या नावाने मेल पाठवू शकतो. इंटरनेटवरून काहीतरी उतरवून ते सुरू करू शकतो. थोडक्यात, तुम्ही कीबोर्डसमोर बसून जे करू शकता त्यातलं बरंचसं तो करू शकतो, तुमच्याच अधिकारात. त्यात भर म्हणजे काही ठरावीक नावं. मॅक्रोचं नाव ‘ऑटोओपन’ ठेवलं की ती वर्ड फाईल उघडताक्षणी तो आपोआप सुरू होतो. एक्सेलमध्येही तशी सोय आहे. मूळ हेतू चांगला: फाईल उघडली की आजची तारीख भरली जावी, फॉर्म समोर यावा. पण भरपूर अधिकार आणि आपोआप सुरू होणं या दोन गोष्टी एकत्र आल्यावर कुणाला तरी खोडी सुचणार हे उघड होतं.

ती १९९५ मध्ये सुचली. तोपर्यंत व्हायरसबद्दलचा समज असा की तो प्रोग्रॅमच्या फाइलीतून किंवा फ्लॉपीच्या बूट सेक्टरमधून, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी वाचला जाणाऱ्या भागातून, येतो. पत्र, अहवाल, कोटेशन ही नुसती कागदपत्रं, त्यांच्यापासून काय भीती? ‘कॉन्सेप्ट’ नावाच्या व्हायरसने हा समज मोडला. त्यात पाच मॅक्रो होते आणि ते वर्डच्याच मॅक्रो-भाषेत लिहिलेले होते. तेव्हा तिचं नाव वर्डबेसिक. व्हीबीए वर्डमध्ये आली ती ऑफिस ९७ पासून. पाचांतल्या एकाचं नाव ‘पेलोड’, म्हणजे जिथे खरा उपद्रव असायचा ती जागा. तिथे उपद्रव काहीच नव्हता. प्रोग्रॅमरने स्वतःसाठी लिहावा तसा एक शेरा होता: माझा मुद्दा सिद्ध करायला एवढं पुरे. लागण झाल्यावर पडद्यावर एक छोटी चौकट यायची, तिच्यात फक्त ‘१’ हा आकडा आणि ओकेचं बटण. बस.

पण हा निरुपद्रवी व्हायरस वणव्यासारखा पसरला. त्याची युक्ती पाहण्यासारखी आहे. वर्डमध्ये ‘नॉर्मल डॉट’ नावाची एक टेम्प्लेट फाईल असते. फॉन्ट, समास, शैली या तुमच्या नेहमीच्या सवयी तिच्यात साठवलेल्या असतात आणि वर्ड सुरू झालं की ती बरोबर उघडते. दह्याच्या घरात विरजणाचं जे स्थान, ते वर्डमध्ये हिचं. कॉन्सेप्टची फाईल उघडली की तो आपले मॅक्रो आधी या विरजणात मिसळायचा. आता लागण एका फाइलीची राहिली नाही, त्या संगणकावरच्या वर्डची झाली. तुम्ही ‘सेव्ह ॲज’ केलंत की वर्डच्या मूळ आदेशाऐवजी व्हायरसचा त्याच नावाचा मॅक्रो धावायचा आणि नव्या फाइलीत स्वतःला घालून ठेवायचा. एक अडचण होती: त्या काळच्या वर्डमध्ये मॅक्रो फक्त टेम्प्लेटमध्येच राहू शकत, साध्या डॉक्युमेंटमध्ये नाही. मग तो काय करायचा? फाईल आतून टेम्प्लेट म्हणून साठवायचा, बाहेर नाव मात्र साध्या डॉक्युमेंटचंच ठेवायचा. काम वर्डच्या आत चालत असल्यामुळे खालचा संगणक विंडोजचा आहे की ॲपलचा, याच्याशीही त्याला कर्तव्य नव्हतं. त्याच वर्षी खुद्द मायक्रोसॉफ्टने पाठवलेल्या एका सीडीवरही तो चुकून गेला होता.

पुढच्या वर्षी रांग लागली. ‘वाझू’ नावाचा व्हायरस मजकुरातले शब्द इकडचे तिकडे करायचा आणि मध्येच स्वतःचं नाव घुसवायचा. वाचायला गंमत वाटते, पण करारनाम्यातला ‘नाही’ दुसऱ्या वाक्यात जाऊन बसला तर ते लक्षात कधी येणार? १९९६ च्या जुलैत ‘लारू’ आला तो एक्सेलसाठी. एका लपवलेल्या शीटमध्ये राहायचा. या लोकांना फार मोठी विद्या लागत नव्हती हेही खरं. मॅक्रो फाइलीत उघडा दिसतो, म्हणजे एखाद्याला लागण झाली की व्हायरसची पाककृतीच हातात. तिच्यात दोन ओळी बदलल्या की नवा व्हायरस तयार.

इथपर्यंत प्रसाराचा वेग माणसाच्या हातात होता. कुणीतरी फाईल फ्लॉपीवर द्यावी, मेलने पाठवावी, तेव्हा ती पुढे जाणार. २६ मार्च १९९९, शुक्रवार. अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या डेव्हिड स्मिथने दुसऱ्याच कुणाच्या खात्यावरून इंटरनेटच्या एका चर्चागटात एक वर्ड फाईल टाकली. आमिष होतं अश्लील संकेतस्थळांच्या पासवर्डांचं. आत ‘मेलिसा’ होता.

मेलिसाने काय केलं ते क्रमाने पाहू, कारण आजच्या फसव्या मेलांचं व्याकरण तिथेच तयार झालं. फाईल उघडली की तो आधी वर्डची मॅक्रोविषयीची सुरक्षा खाली आणायचा, आणि ती परत वाढवायचा मेन्यूही बंद करून टाकायचा. मग विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगांच्या नोंदवहीत, स्वतःची खूण आहे का ते बघायचा. म्हणजे या संगणकावरून आपण आधीच मेल पाठवलेत का? नसतील तर आउटलुक उघडून पत्त्यांच्या यादीतल्या पहिल्या पन्नास नावांना मेल. विषय: अमुक अमुक यांच्याकडून महत्त्वाचा निरोप. ‘अमुक’च्या जागी तुमचं खरं नाव. मजकूर साधारण असा: तुम्ही मागितलेली फाईल ही घ्या, दुसऱ्या कुणाला दाखवू नका. आणि शेवटी डोळा मारणारं चिन्ह.

मेल कुणा अनोळख्याकडून नाही, साहेबांकडून, सहकाऱ्याकडून, मेव्हण्याकडून आलेला. कोण उघडणार नाही? पन्नासांनी उघडला की अडीच हजार, त्या सगळ्यांनी उघडला की सव्वा लाख. प्रत्यक्षात सगळे उघडत नाहीत हे खरं, पण त्या पन्नासांत एखादं नाव अख्ख्या विभागाच्या मेलिंग लिस्टचं असलं की हिशेब पुन्हा वर. मेलिसाने कुणाच्या फाइली पुसल्या नाहीत. मेलचे सर्व्हर नुसत्या ओझ्याने बसले. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलसारख्या कंपन्यांनाही मेल रोखून धरावे लागले. शिवाय एक वाईट शक्यता होती जिच्याबद्दल कमी बोललं जातं. मेलबरोबर जाणारी फाईल दर वेळी तीच मूळची असेल असं नव्हतं. वर्डला लागण झाल्यावर तुमच्या स्वतःच्या फाइलीही बाधित होत, आणि अशी फाईल दुसऱ्याच्या संगणकावर आधी उघडली गेली तर तीच पन्नास जणांना जाई. निविदा, पगाराचे आकडे, काहीही.

स्मिथ आठवडाभरातच, १ एप्रिलला पकडला गेला. गुन्हा कबूल केला, २००२ मध्ये वीस महिने तुरुंगवास आणि पाच हजार डॉलर दंड झाला. नुकसानीचा सरकारी अंदाज आठ कोटी डॉलरहून अधिक होता.

यानंतरचा बंदोबस्त आपल्या ओळखीचा आहे. मॅक्रो असलेली फाईल उघडताना विचारणा करायची पद्धत ऑफिस ९७ मध्येच आली होती. पुढे नियम कडक होत गेले. २००७ च्या ऑफिसने फाइलींचे दोन वर्गच केले. ‘डॉकएक्स’ आणि ‘एक्सएलएसएक्स’मध्ये मॅक्रो ठेवताच येत नाही, मॅक्रो हवा तर शेवटचं अक्षर एक्सऐवजी ‘एम’: डॉकएम, एक्सएलएसएम. ही चांगली सोय आहे, पण तिच्यावर फार विसंबू नका. जुनी डॉट डॉक आणि डॉट एक्सएलएस अजून सगळीकडे फिरतात, आणि त्यांच्यात मॅक्रो आहे की नाही ते नावावरून कळत नाही. डॉकएक्स फाईलही स्वतःत मॅक्रो न ठेवता बाहेरच्या एखाद्या टेम्प्लेटकडे बोट दाखवू शकते. २०१० पासून मेलने आलेली फाईल आधी नुसती वाचण्यापुरती उघडते. तिथे दोन वेगळी बटणं आहेत आणि लोक ती एकच समजतात. ‘एनेबल एडिटिंग’ने फाईल बदलता येते, मॅक्रो चालत नाहीत. ‘एनेबल कंटेंट’ने चालतात.

विचारणा आल्यावर गुन्हेगारांनी तंत्र बदललं. आता खटपट प्रोग्रॅम लपवण्याची कमी आणि माणसाला ते बटण दाबायला लावण्याची जास्त. फाईल उघडली की आत मोठं चित्र: हे डॉक्युमेंट ऑफिसच्या दुसऱ्या आवृत्तीत बनवलं आहे, पाहण्यासाठी आधी एडिटिंग आणि मग कंटेंट एनेबल करा. वर कंपनीचा लोगो. एक गोष्ट लक्षात ठेवली तरी यातली निम्मी फसवणूक उघडी पडते: वर्ड आणि एक्सेल आपली सूचना पानाच्या बाहेर, वरच्या पट्टीत किंवा वेगळ्या चौकटीत देतात. पानाच्या आत, मजकुराच्या जागी जी सूचना दिसते ती फाईल बनवणाऱ्याने लिहिलेली असते.

२०१६ मधल्या ‘लॉकी’ या खंडणीखोर व्हायरसचा डाव तर मराठी माणसाला विशेष समजेल. बिलाची म्हणून आलेली वर्ड फाईल उघडली की आत निरर्थक चिन्हांचा कचरा, आणि वर ओळ: मजकूर नीट दिसत नसेल तर मॅक्रो चालू करा. आपल्याकडे जुन्या फॉन्टातली फाईल, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की हुबेहूब तसाच कचरा दिसतो. वर्षानुवर्षं ते पाहून आपली खात्रीच झाली आहे की काहीतरी ‘चालू’ केलं की मराठी अवतरेल. फॉन्टच्या अडचणीचा मॅक्रोशी काही संबंध नाही. मॅक्रो चालू करून हरवलेला फॉन्ट येत नाही.

या नव्या फाइलींतला मॅक्रो बऱ्याचदा स्वतः पसरतही नाही. दहा-पंधरा ओळींचा असतो, मुद्दाम गुंतागुंतीचा लिहिलेला, आणि त्याचं काम एकच: कुठल्या तरी सर्व्हरवरून खरा उपद्रवी प्रोग्रॅम उतरवायचा आणि सुरू करायचा. तो बँकेचे पासवर्ड चोरणारा असेल किंवा फाइलींना टाळं ठोकून पैसे मागणारा. काटेकोर बोलायचं तर याला व्हायरस म्हणू नये, पण बोलीभाषेत चालतं. ‘इमोटेट’ची टोळी यात सगळ्यात सराईत. त्यांचा मेल तुमच्याच जुन्या पत्रव्यवहाराला उत्तर म्हणून यायचा, खाली तुम्ही खरोखर लिहिलेल्या ओळी. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्यांचे सर्व्हर ताब्यात घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते परत हजर.

आणि ज्यांना वाटतं की हे सगळं ऑफिसच्या संगणकापुरतं आहे, त्यांच्यासाठी युक्रेन. २३ डिसेंबर २०१५ ला तिथल्या तीन वीज वितरण कंपन्यांच्या ग्राहकांकडचे, सुमारे सव्वादोन लाख जोडण्यांचे, दिवे ऐन थंडीत काही तास गेले. सुरुवात कित्येक महिने आधी झाली होती, कर्मचाऱ्यांना आलेल्या मेलमधल्या ऑफिस फाइलींनी. मॅक्रो चालू झाले, आत शिरकाव झाला. मग हल्लेखोरांनी सावकाश जाळं पाहिलं, दूरून काम करायचे पासवर्ड मिळवले, आणि ठरल्या दिवशी उपकेंद्रांतले ब्रेकर एकेक करून उघडले. ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा माउस दुसरंच कुणी हलवत होतं.

मायक्रोसॉफ्टने खरा निर्णय घ्यायला २०२२ उजाडलं. तोवर दोन दशकांहून अधिक काळ ‘आम्ही विचारलं, तुम्ही हो म्हणालात’ हीच भूमिका होती, आणि माझ्या मते ती हात झटकणंच होतं. पगारपत्रक करणाऱ्या कारकुनाने प्रोग्रॅमची पारख कशी करायची? फेब्रुवारीत जाहीर झालं की इंटरनेटवरून आलेल्या फाइलीतले मॅक्रो थेट अडवले जातील. जुलैत माघार, त्याच महिन्यात पुन्हा अंमल. आता अशा फाइलीवर लालसर पट्टी येते आणि तिच्यावर ‘एनेबल’चं बटणच नसतं.

फाईल इंटरनेटवरून आली हे एक्सेलला कळतं कसं? ब्राउझरने किंवा आउटलुकने फाईल उतरवली की विंडोज तिला एक अदृश्य चिठ्ठी जोडतं. चिठ्ठीचं नाव ‘झोन आयडेंटिफायर’, आत मोजक्या ओळी, त्यांतली महत्त्वाची म्हणजे झोनचा क्रमांक. ३ म्हणजे इंटरनेट. फाइलीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. खाली ‘अनब्लॉक’चा चौकोन दिसला तर चिठ्ठी आहे. तो टिक करून ओके केलं की चिठ्ठी गेली, आणि मॅक्रोचा मार्ग पुन्हा मोकळा.

या चिठ्ठीची मोठी गोम म्हणजे ती फक्त एनटीएफएस पद्धतीने बांधलेल्या डिस्कवर टिकते. आपले पेन ड्राइव्ह बहुतेक फॅट ३२ किंवा एक्सफॅट असतात. तीच फाईल पेन ड्राइव्हवरून दुसऱ्या संगणकावर नेली की चिठ्ठी वाटेत गळते आणि लाल पट्टीच्या जागी पुन्हा जुनी, ‘एनेबल कंटेंट’ची पिवळी. झेरॉक्सच्या दुकानापासून तालुक्याच्या कचेरीपर्यंत आपला व्यवहार पेन ड्राइव्हवर चालतो, तेव्हा हे भोक लहान नाही. गुन्हेगारांनीही अशी भोकं लगेच हुडकली: सीडीची प्रतिमा असलेल्या आयएसओ फाइली, शॉर्टकट, मग २०२३ च्या सुरुवातीला वननोटच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्याच टिपणवहीच्या, फाइली. मॅक्रोचा वापर घटला, बंद झाला नाही.

मग आयकराची युटिलिटी, जीएसटीच्या एक्सेल, ऑफिसातला पगाराचा मॅक्रो यांचं काय करायचं? वापरायचे. फक्त फाईल कुठून आली याचा माग स्वतःकडे ठेवायचा. युटिलिटी खात्याच्या संकेतस्थळावरून स्वतः उतरवा. ग्रुपवर कुणी टाकलेली ‘तयार’ प्रत घेऊ नका. अनब्लॉक करायची ती एकच फाईल. एक्सेलच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळेच मॅक्रो कायमचे चालू करू नका, कुणी व्हिडिओत कितीही सांगो. बिल, कोटेशन, कुरिअरची पावती, बायोडेटा यांना मॅक्रोची कधीच गरज नसते. तिथे ते बटण दिसलं की तिथेच थांबा. नुसतं वाचायचं असेल तर मोबाइलवर किंवा जीमेलच्या पूर्वदर्शनात बघा, व्हीबीए तिथे चालत नाही. आणि मेल ओळखीच्याकडून असला तरी फोन करून विचारा.

बटण दाबून झालंच असेल, तर आधी नेटची वायर काढा किंवा वायफाय बंद करा. ऑफिसात संगणक सांभाळणारा जो कोणी असेल त्याला लगेच सांगा. ‘बघू, काही झालंय असं वाटत नाही’ म्हणत संध्याकाळ करू नका, कारण उतरलेला प्रोग्रॅम बऱ्याचदा शांत बसून पासवर्ड गोळा करत असतो. मेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदला, पण दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन आणि बँकेला कळवणं, दोन्ही त्याच तासात. मग ज्याच्या नावाने ती फाईल आली त्याला सांगा. बहुधा त्यानेही ते बटण दाबलेलं असतं, आणि त्याला अजून पत्ता नसतो.